लाखोरीच्या बांधावरची उंटवाली

दामोदरच्या धानाच्या बांधीतलं लाखोरीचं पीक मेंढ्यांनी खाल्लं नव्हतं, माझ्या बैलांनी खाल्लं होतं. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, वडील अंथरुणाला खिळले होते तेव्हा त्यांनाही नाही. फक्त एका बाईला ते सांगावं लागलं नाही, कारण तिने पाहिलं होतं. माझं पुढे येईलच. आधी ती बाई. तिच्यासारखी माणसं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना ती लगेच ओळखू येईल. ज्यांनी नाही पाहिली त्यांनी एवढंच ध्यानात घ्यावं, की ती गावात यायच्या आधी तिचा आवाज यायचा.

गाव तिला उंटवाली म्हणायचं. नाव असेलच काहीतरी, आम्ही कधी विचारलं नाही. धान कापून भारे खळ्यावर आले की सिंदेवाहीकडच्या सडकेने काठेवाड्यांचा, म्हणजे गुजरातकडच्या मेंढपाळांचा, डेरा उतरायचा. पुढे उंट, उंटावर उलटी खाट, खाटेला बांधलेल्या जाळीत नुकती जन्मलेली कोकरं, आणि उंटाची दोरी धरून काळ्या लोकरीच्या ओढणीतली ही बाई, बोलत. उंटाशी, कोकरांशी, सडकेशीसुद्धा. "काय वो सडकबाई, मागच्या वर्सी तं एवढी फुटकी नव्हती तू!" हातपंपावरच्या बाया पाण्याचे गुंड तसेच भरत ठेवून हसत उभ्या राहायच्या. मेंढ्या मागून येत, त्या तिच्या बुढ्याच्या ताब्यात. बुढा म्हणजे तिचा नवरा. लाल पागोटं, खांद्यावर आडवी काठी आणि तोंडात शब्द नाही. "याच्या वाटचंबी मीच बोलतो," ती म्हणायची, "त्याले फुरसत नाई."

आमच्या झाडीपट्टीतल्या मेंढ्या बुटक्या आणि काळ्या. उंटवालीच्या मेंढ्या आल्या की श्रीमंत पाहुणे दारात उतरल्यासारखं वाटे. उंच पाय, पांढरं अंग, तांबूस तोंड, मध्ये फुगून खाली वळलेलं नाक आणि केळीच्या कोवळ्या पानासारखे गुंडाळलेले लांब कान. पाटणवाडी जात, कच्छकडच्या रखरखीत मुलखातली. मी एकदा विचारलं, तुमचा मुलूख कसा आहे? तर म्हणाली, "मले काय माहीत भाऊ? मी तं इथचीच हाय. वरोऱ्याकडच्या एका वावरात मायनं मले जन्म देल्ला. मुलूख म्या लग्नाकार्यातच पाह्यला. पण मेंढी तिकडची हाय ना! तिले कोणी सांगतलं नाई का आपून विदर्भात आलो मनून." आणि खरंच, त्या मेंढ्यांना आमच्या हिरवळीचं कौतुक नव्हतं. धानाची वाळकी धसकटं, बोरीचा पाला, पळसाची गळालेली पानं, काहीही चालायचं. दिवसभर उन्हात चालून बोडीच्या काठावर आल्या तरी पाण्यावर तुटून पडायच्या नाहीत. तिला त्याचा अभिमान होता. "तहान लागली तरी सांगत नाई माही मेंढी. खानदानी हाय."

या खानदानाला एकच गोष्ट सोसत नसे, चिखल. वाळूवरचे खूर ते. ओल्यात दोन दिवस राहिले की सडायला लागत. म्हणून पावसाच्या आधी ती धानपट्टा सोडून माळाकडे निघून जायची, आणि इथे असेपर्यंत रोज सांजेला मेंढी मेंढी धरून तिचे खूर वर करून पाहायची. दोन बोटांमध्ये काही लागलं तर कडुनिंबाच्या पाण्याने धुवायची. हात चालू आणि तोंडही चालू. "काऊन वो भवाने, बोडीत नाचाले गेली होती का? तुया सासऱ्यानं बांधली का ते बोडी?" सासुरवाशिणींना बोलावं तसं ती त्यांना बोले, आणि सासुरवाशिणी ऐकतात तसंच त्या ऐकत, मान खाली, पण चरणं सुरूच.

दूध ती विकत नसे. सुरुवातीला आमच्याकडे ते कोणी मागतही नव्हतं. "वशाट लागते," माझी आई म्हणायची. मग एका पौषात मी तिच्या चुलीपाशी बसलो असता तिने भुरीला धरलं. भुरी म्हणजे कळपातली सगळ्यात दुधाळ मेंढी, तोंड विटकरी रंगाचं. दोन गुडघ्यांत तिला दाबून तिने लोटीत धार काढली आणि ती तशीच चहात ओतली. असा दाट चहा मी जन्मात प्यालो नव्हतो. चहाचं पातेलं उतरवता उतरवता तिने मला जे सांगितलं ते मी कधी विसरलो नाही. "मेंढी तीन गोष्टी देते, भाऊ. दूध रोज देते. लोकर वर्सातून दोनदा देते. न् जीव एकच डाव देते. म्हणून मांगताना जीव सगळ्यात शेवटी मांगाचा." तिच्या घरात मांस शिजत नसे. म्हातारे नर बाजारात जायचे, ते पोट चालवायला. पण ते नेले त्या दिवशी ती बोलत नसे, आणि बुढा तिच्याकडे पाहून घाबरायचा.

मी तसा फार बोलणारा नव्हे. तेव्हा तिशीत होतो, लग्न झालेलं, तरी चारचौघांत जीभ टाळूला चिकटायची. तिने माझं नाव मुका ठेवलं होतं. "तुयासंग बोलाचं म्हंजे विहिरीत गोटा टाकाचा न् आवाजाची वाट पाहात बसाची," असं ती सगळ्यांसमोर म्हणायची. पण मी गेलो की चहा टाकायची. तिला ऐकणारा हवा होता आणि मला न बोलता बसता येईल अशी जागा. आमचं जमायचं.

बोलताना तिच्या हातात चाती फिरत असे. चालताना, भांडताना, पाहुण्यांना निरोप देताना, लोकरीचा धागा निघतच राही. लोकरीला तेव्हाच बाजार उरला नव्हता. "कुत्रं इचारत नाई आता. कापणारा येते, फुकट कापते न् घेऊन जाते, तेच उपकार," ती सांगायची. मग कातता कशाला, असं दामोदरने एकदा डिवचलं. दामोदर माझा सख्खा चुलतभाऊ, जिभेचा तिखट. तिने चाती न थांबवता उत्तर दिलं, "मेंढी लोकर वाढवाची थांबली का? मंग म्या काऊन थांबू? तुये केस कोणी इकत घेत नाई, तरी तू भांग पाडतच हायस ना?" दामोदरला टक्कल पडू लागलं होतं. आठवडाभर गाव हसत होतं.

खरी गंमत असायची मेंढ्या बसवायची. कापलेल्या बांधीत रात्रभर कळप बसवला की लेंड्या-मुताने ती बांधी अशी कसदार होते की पुढच्या धानाला दुसरं खत लागत नाही. म्हणून गावात पाळीसाठी ओढाताण. आज कोणाच्या बांधीत, उद्या कोणाच्या. बदल्यात शेतकरी तांदूळ द्यायचा. उंटवाली आणि बुढा कळपासोबत त्याच बांधीत झोपायचे. एका घरून एकदा कणीच कणी असलेला तांदूळ आला. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांनी तिला टोकून टोकून विचारलं, काय दिलं त्यांनी, खरं सांग. ती म्हणाली, "ज्याच्या बांधीत झोपलो त्याचं भांडं चौकात उघडं करत नाई आमी. देवानं पाह्यलं, पुरे झालं." हा तिच्या लोकांचा जुना नेम होता. ज्याच्या जमिनीवर कळप विसावला, त्याच्याविरुद्ध पंचात तोंड उघडायचं नाही. मला तो नेम तेव्हा फार आवडला होता.

ज्या हिवाळ्याबद्दल सांगायचं आहे त्यात माझी पाळी आली नेमकी शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, दिवशी. शेजारच्या गावी पट, आणि पटाला लागून नाटक. झाडीत पट आणि नाटक म्हटल्यावर माणूस घरी थांबत नाही. माझी बैलजोडी खळ्यावर असायची. पण मेंढ्या येणार म्हणजे उंट येणार, आणि उंटाच्या वासाने माझे बैल बिथरायचे. म्हणून मी त्यांना शेताच्या दुसऱ्या टोकाला नेऊन मोहाच्या झाडाला बांधलं. त्या टोकाला लागूनच दामोदरची बांधी. धान उभं असतानाच त्याने लाखोरी, म्हणजे लाखेची डाळ, फेकली होती आणि आता ती निळ्या फुलांवर आली होती. सोबती सडकेवरून हाका मारत होते. मी दाव्याला गाठ दिली की नुसता वेढा, ते मला आजही आठवत नाही.

उजाडता उजाडता परत आलो तर मोहाखाली नुसती दावी. दोन्ही बैल दामोदरच्या बांधीत, पोटं टम्म. अर्ध्याहून जास्त लाखोरी भुंडी झालेली. मी धावत जाऊन त्यांना ओढलं आणि नाल्यात उतरवलं, म्हणजे नाल्यानाल्याने कोणाला न दिसता घरी जाता येईल. उतरताना मागे पाहिलं. उंटवाली माझ्या बांधावर चूल पेटवत होती. तिने मान वर करून बैलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"नाटक चांगलं झालं का, मुक्या?" एवढंच म्हणाली.

मी मान हलवली आणि गेलो.

दोन तासांत गाव गोळा झालं. बांधी पाहायला माणसं आली तशी गुरंही मागोमाग आली, आणि कोणाचे खूर कोणते ते कळायची सोय उरली नाही. शेजारी मेंढ्या बसलेल्या, मग दुसरा चोर शोधतो कोण? समाजमंदिरापुढे बैठक बसली. लाखोरी खाणाऱ्या जनावराच्या मालकाला आमच्याकडे भरपाई द्यावी लागतेच, पण त्याहून मोठी ती नामुष्की. आणि माझं दुसरंही होतं. बांधाच्या भांडणावरून आमच्या आणि दामोदरच्या घरात कैक वर्षं बोलणं बंद होतं. ते त्याच दिवाळीत सुरू झालं होतं. वडील आजारी होते आणि दामोदर रोज त्यांच्या खाटेपाशी येऊन बसत होता.

"माया मेंढ्या बांधीबाहेर नाई गेल्या," उंटवाली म्हणाली. "मी न् बुढा दोघंबी आडवे झोपलो होतो."

"मंग लाखोरी काय भुतानं खाल्ली?" दामोदर ओरडला. "तुले माहीत हाय तं सांग ना, कोणाच्या जनावरानं खाल्ली?"

ती गप्प राहिली. कोणी विचारल्यावर तिने उत्तर दिलं नाही, असं मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं. सरपंच माझ्याकडे वळले. "तू सांग गा. तुयाच बांधीत होत्या ना मेंढ्या?"

"मी नाटकाले गेलो होतो," मी म्हणालो.

यातला शब्दन् शब्द खरा होता.

मग तिने जे केलं ते आमच्या गावात ना आधी कोणी केलं होतं, ना नंतर. ती उठली, कळपात गेली आणि भुरीला कान धरून घेऊन आली. बाजाराचा दिवस होता. सिंदेवाहीहून आलेले खाटीकचाचा पाराखाली बसले होते. तिने त्यांना हाक मारली. "चाचा, हिले कापा. साऱ्यायसमोर पोट उघडा. लाखोरीचं एक पान निंगलं तं सारा कळप गावाचा."

बुढा पुढे झाला आणि पहिल्यांदाच बोलला. त्यांच्या भाषेत बोलला, पण कळायला भाषा लागत नव्हती. म्हातारी मेंढी दे, हिला नको. ती त्याला आमच्याच बोलीत म्हणाली, आम्हाला ऐकू यावं म्हणून. "म्हातारी देल्ली तं म्हनतीन, तिले दातच नाई, ते काय खाईन! चांगलीच द्या लागते."

चाचा उठून तिच्यापाशी आले. "बहन, सोच ले," म्हणाले. तिने भुरीच्या कपाळावर हात ठेवला, काहीतरी पुटपुटली आणि पाठ फिरवून उभी राहिली. मी पुढच्याच रांगेत बसलो होतो. मला फक्त उभं राहायचं होतं. गुडघे माझेच होते, कोणी धरून ठेवले नव्हते.

चाचांनी भुरीला कापलं आणि पोटातला कोठा चिरून सगळ्यांना दाखवला. धानाची धसकटं, पळसाचं पान, बोरीचे काटे. हिरवं काहीच नाही. "देख लो," ते म्हणाले, "इसने तो सूखा ही खाया है." मग दामोदर म्हणाला, "हे एक उपाशी राह्यली असन. बाकीच्या काय उपासाले होत्या?" कोणीतरी हसलं. हसू पसरलं. एकदा हसलेली माणसं मागे येत नाहीत. ठरलं, की डेऱ्याने दिवस मावळायच्या आत शीव सोडावी, आणि पुढे काठेवाड्यांच्या मेंढ्या गावात येऊ द्यायच्या नाहीत. चाचांनी कापायचे पैसे घेतले नाहीत. मटणाचे वाटे गावात गेले. "वाया काऊन जाऊ द्याचं," असं सगळेच म्हणत होते. एक वाटा आमच्याही घरी आला. बायकोने शिजवला. मी खाल्लं. नाही म्हटलं असतं तर काऊन म्हणून विचारलं असतं, एवढ्यासाठी खाल्लं.

दुपारी आभाळ भरून आलं. कळपात व्यालेल्या मेंढ्या होत्या, कोकरं होती, आणि पुढचा मुक्काम जंगलाच्या पलीकडे. मी बांधावर गेलो तेव्हा ती उंटावर खाट आवळत होती. दोरी ओढता ओढता तिने माझ्याकडे न पाहता सांगितलं, "बैलायले दोन दिस कोरडी तनीसच टाक. हिरवं खूप झालं त्यायले. पोट उतरलं नाई तं गोडं तेल पाज." मग उंटाला उठवलं आणि त्याच्याशी बोलत निघून गेली. मी दोन दिवस बैलांना तनीसच टाकली, धानाचा कोरडा पेंढा. बैल बरे झाले.

पावसाने त्यांना जंगलातल्या रस्त्यावर गाठलं. पुढच्या वर्षी बाजारात एका दुसऱ्या काठेवाड्याकडून कळलं, की त्या ओल्यात बरीच कोकरं गेली आणि खूर सडून मोठ्या मेंढ्याही गेल्या. आमच्या गावात त्यानंतर एकही काठेवाडी आला नाही. बांध्यांत आता युरियाच्या गोण्या पडतात. "काठेवाडी होते तवा धान कसं लोंबाचं," दामोदर अधूनमधून म्हणतो, आणि मी पान लावत बसतो.

दोनेक वर्षांपूर्वी मुलीच्या कॉलेजच्या कामाने चंद्रपूरला चाललो होतो. मूल गावाच्या पुढे सडकेच्या कडेला पांढरा कळप दिसला, तांबूस तोंडांचा. मी कंडक्टरला विनवून बस थांबवली. आधी आवाजच आला. सुनेला चहात साखर कमी पडली म्हणून ती बोलत होती. डोळ्यांत मोतीबिंदू, पण हातात चाती. मी समोर जाऊन उभा राहिलो.

"कोण हाय? बोलत नाई म्हंजे मुकाच असन," ती म्हणाली. "बस. बैल कसे हायत तुये?"

"इकले, बाई. ट्रॅक्टर हाय आता."

"बरं केलंस. ट्रॅक्टर लाखोरी नाई खात."

आणि पोट धरून हसली. सूनही हसली, काही कळलं नसताना. बुढा गेला होता, असं हसता हसताच तिने सांगितलं. मी चहाचा कप खाली ठेवला. इतकी वर्षं ओठांवर घोळवलेलं बोलायला घेतलं. "बाई, त्या दिवशी म्या बैठकीत..."

तिने चाती थांबवली. मी तिची चाती थांबलेली तेव्हाच पाहिली. "मले काऊन सांगून राह्यला? मले तं माहीत हाय. ज्याले माहीत नाई त्याले सांग." राग नव्हता. वाट चुकलेल्याला वाट दाखवावी तसं म्हणाली. मग एका कोकराचा पाय दोरीत अडकला, ती त्याच्यावर ओरडायला लागली, आणि आमचं बोलणं तिथेच संपलं. मागची बस आली तेव्हा तिने सुनेकडून एका बाटलीत दूध भरून दिलं. मी पैसे काढले तर बाटली परत घ्यायला लागली.

आता ती आहे की नाही, मला ठाऊक नाही. तिने कोणाला काही सांगितलं नसणार, हे मात्र खात्रीने ठाऊक आहे.

दामोदर आहे. रोज सांजेला मी त्याच्या ओट्यावर बसतो. काठेवाड्यांना गावबंदी आहे ती तशीच आहे. दामोदरला मला सांगायचं आहे, की त्याची लाखोरी माझ्या बैलांनी खाल्ली होती. मग तेच ग्रामसभेत उभं राहून सांगायचं आहे आणि ती बंदी उठवायला लावायची आहे. यातलं एकही मी अजून केलेलं नाही. एवढं तिचं देणं माझ्याकडे बाकी आहे.